मोबाईल गावोगावी कसा पोचला?

अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनचे पेटंट घेतले १८७६ मध्ये. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १८८२ साली, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले होते. म्हणजे सुरुवातीला आपण काही फार मागे नव्हतो. पण पुढे काय झाले ते पाहा. १९९४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले. त्या धोरणातच नोंद आहे की देशात त्या वेळी सुमारे ८० लाख टेलिफोन जोडण्या होत्या, आणखी २५ लाख लोक प्रतीक्षायादीत होते आणि दर शंभर माणसांमागे एक फोनही पडत नव्हता. जगाची सरासरी तेव्हा शंभरामागे दहा होती. ज्यांच्या घरी फोन नसे ते लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापत आणि पुढे 'पी.पी.' असे लिहीत. आजच्या विद्यार्थ्यांना या दोन अक्षरांचा अर्थ विचारून पाहा, बहुतेकांना सांगता येणार नाही.

आता दुसरा आकडा. २०१५ साल संपताना भारतातल्या मोबाईल जोडण्यांनी १०० कोटींचा टप्पा ओलांडलेला होता. ११२ वर्षांत ८० लाख आणि पुढच्या २१ वर्षांत १०० कोटी! (जोडणी म्हणजे माणूस नव्हे हे लक्षात ठेवायला हवे. अनेकांकडे दोन-दोन सिमकार्डे असतात, तर कित्येकांकडे एकही नसते.) देश तोच, माणसेही बरीचशी तीच. मग बदलले काय?

सगळ्यांना चटकन सुचणारे उत्तर म्हणजे 'नवे तंत्रज्ञान आले'. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण हेच तंत्रज्ञान, त्याच कंपन्यांनी बनवलेली तीच यंत्रे, जगातल्या सगळ्याच गरीब देशांना उपलब्ध होती. तरीही काही देशांत मोबाईल झपाट्याने पसरला आणि काही देशांत रखडत रखडत. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो, बाकीचे स्थिर ठेवतो आणि परिणाम पाहतो. देशांच्या बाबतीत तसा प्रयोग करता येत नाही. पण इतिहासाने केलेले प्रयोग तपासता येतात.

तांब्याची तार आणि रेडिओलहरी

आधी थोडे पदार्थविज्ञान. तारेच्या फोनसाठी एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या तारांची जोडी न्यावी लागते. रस्ता खणा, केबल टाका, खांब उभारा. खर्चाचा मोठा भाग याच कामात जातो. आता समजा, दुसरी कंपनी मैदानात उतरली. तिला तेच रस्ते पुन्हा खणावे लागणार आणि गल्लीतली निम्मीच घरे तिच्याकडे येणार. एका गल्लीत दोन नगरपालिकांचे नळ कोणी टाकत नाही, तसेच हे. अशा धंद्याला अर्थशास्त्रात 'नैसर्गिक मक्तेदारी' म्हणतात. टेलिफोन हे सरकारी खाते असणे जगभर स्वाभाविक मानले जात होते, त्यामागे हे एक कारण होते.

मोबाईलमध्ये शेवटच्या टप्प्यावरची तार नाहीशी होते. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी एक कल्पना टिपणात मांडली. एका उंच मनोऱ्यावरून सगळ्या शहराला पुरेल इतक्या शक्तीने प्रक्षेपण करण्याऐवजी शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे छोटे षटकोनी भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात कमी शक्तीचा मनोरा ठेवायचा. शक्ती कमी असल्यामुळे लहरी दूरवर जात नाहीत. त्यामुळे एका षटकोनात वापरलेली वारंवारता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या षटकोनात पुन्हा वापरता येते. या भागांना इंग्रजीत 'सेल' म्हणतात, आणि त्यावरूनच 'सेलफोन'. कल्पना प्रत्यक्षात यायला तीस वर्षे लागली. पहिली व्यापारी सेवा १९७९ मध्ये टोकियोत सुरू झाली.

या रचनेचा आर्थिक परिणाम मोठा आहे. मनोरा एकदा उभा राहिला की त्याच्या टप्प्यातला कोणीही ग्राहक होऊ शकतो. कोणत्या घरी फोन लागणार हे आधी ठरवून खड्डे खणावे लागत नाहीत. शिवाय रेडिओलहरींचा पट्टा वाटून देता येतो: हा तुकडा एका कंपनीला, तो दुसरीला. एकाच गावात तीन-चार कंपन्या शेजारी शेजारी काम करू शकतात. म्हणजे मक्तेदारी 'नैसर्गिक' राहिली नाही.

पण स्पर्धा शक्य होणे वेगळे आणि ती प्रत्यक्षात येणे वेगळे. लहरींचा पट्टा मर्यादित आहे आणि तो वाटण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या सरकारकडे आहे. किती कंपन्यांना उतरू द्यायचे हे पदार्थविज्ञान सांगत नाही. ते सरकार ठरवते.

दोन कंपन्या पुरतात का?

भारतातला पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलत होते आणि दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ऐकत होते. त्या काळात गर्दीच्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्याही वर जाई. आलेला फोन उचलायलाही पैसे पडत! त्यामुळे लोक पडद्यावर नंबर पाहून फोन कापत आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करत. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' हे वाक्य आपल्या भाषेत आले ते अशाच काटकसरीतून. एक पैसाही न देता 'हो' किंवा 'नाही' एवढी माहिती पाठवण्याची ही युक्ती माहितीशास्त्राच्या वर्गात शिकवावी इतकी नामी आहे.

सेवा देणाऱ्या कंपन्या खासगी होत्या. तरीही १९९९ च्या मार्चअखेर सगळ्या देशात मोबाईल ग्राहक होते सुमारे १२ लाख. असे का? कारण प्रत्येक महानगरात आणि प्रत्येक राज्यविभागात फक्त दोन कंपन्यांना परवाने दिलेले होते. शिवाय त्यांनी लिलावात भरमसाट परवाना शुल्क कबूल करून ठेवले होते. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. २००१ मध्ये महानगर टेलिफोन निगम मुंबई-दिल्लीत तिसरी कंपनी म्हणून उतरले. पाठोपाठ चौथे परवाने दिले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमची मोबाईल सेवा सुरू झाली, त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्स आली आणि १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला.

वर्गात हा आलेख जरूर काढून घ्यावा. मार्च १९९९: १२ लाख. मार्च २००२: सुमारे ६५ लाख. मार्च २००४: सुमारे ३ कोटी ३६ लाख. मार्च २००९: सुमारे ३९ कोटी. मार्च २०११: सुमारे ८१ कोटी. साध्या आलेखकागदावर पहिले तीन बिंदू जमिनीलाच चिकटलेले दिसतील आणि विद्यार्थी म्हणतील की खरी वाढ २००४ नंतरच झाली. हा दृष्टिभ्रम आहे. म्हणून संख्या दुप्पट व्हायला किती महिने लागले ते काढावे. १९९९ ते २००२ या काळात संख्या ५.४ पट झाली, म्हणजे दुप्पट व्हायला साधारण १५ महिने लागले. २००२ ते २००४ या दोनच वर्षांत ती ५.२ पट झाली, म्हणजे दुप्पट व्हायला १० महिने. २००४ ते २००९ या काळात हाच आकडा १७ महिन्यांवर गेला.

संख्या लहान असते तेव्हा दुप्पट होणे सोपे असते आणि ती वाढत जाते तसा दुपटीचा काळ लांबत जातो, हा नेहमीचा अनुभव. मग २००२ ते २००४ मध्ये तो उलट आखूड का झाला? शुल्काची पद्धत तर १९९९ मध्येच बदललेली होती. या दोन वर्षांत ठळकपणे बदलले ते दोन घटक: नव्या कंपन्यांचा शिरकाव आणि फुकट झालेला येणारा फोन. पण थांबा. याच काळात फोनसंचही स्वस्त होत होते. जीएसएम ही समाईक पद्धत १९९१ पासून देशोदेशी वापरात आल्यामुळे फोन एका कंपनीचा आणि सिमकार्ड दुसरीचे असे चालत होते आणि फोन बनवणाऱ्यांतही चुरस होती. टॉर्च आणि धूळ न शिरणारी बटणे असलेला नोकिया ११०० हा साधा फोन २००३ मध्ये बाजारात आला आणि जगभर त्याचे २५ कोटींवर नग खपले. लोकांचे उत्पन्नही वाढत होते. सगळे श्रेय सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या स्पर्धेला देता येणार नाही. पण तिच्याशिवाय हा आखूड झालेला काळ समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही.

कूर्नोचे गणित

विक्रेते वाढले की किंमत किती उतरते? याचे एक सोपे गणित फ्रेंच गणितज्ञ ऑगस्टिन कूर्नो यांनी १८३८ मध्येच मांडून ठेवले आहे. त्यांचे उदाहरण झऱ्याचे पाणी विकणाऱ्यांचे होते, आपण ते फोनला लावू. समजा, एका मिनिटासाठी जास्तीत जास्त गरजू माणूस १३ रुपये द्यायला तयार आहे आणि दर जसजसा उतरेल तसतशी ग्राहकांची संख्या सम प्रमाणात वाढत जाते. कंपनीचा मिनिटाचा खर्च १ रुपया. मधले अंतर १२ रुपयांचे. प्रत्येक विक्रेता दुसऱ्याची विक्री गृहीत धरून आपला नफा जास्तीत जास्त करू पाहतो. तसे केले तर विक्रेत्यांची संख्या 'न' असताना खर्चावरचा भाव १२ भागिले (न + १) इतका येतो. एकच विक्रेता असेल तर १२ चे निम्मे ६, म्हणजे दर ७ रुपये. दोन असतील तर दर ५, तीन असतील तर ४, पाच असतील तर ३ रुपये. आणि ज्यांना मिनिटाला १ रुपया परवडला असता अशांपैकी ग्राहक किती होतात? एका विक्रेत्यापाशी निम्मे, दोघांपाशी दोन-तृतीयांश, तिघांपाशी तीन-चतुर्थांश, पाचांपाशी पाच-षष्ठांश.

यातून दोन गोष्टी कळतात. एकाचे दोन झाल्याने दर उतरतो, पण दोन विक्रेतेही बराच नफा राखून असतात. आणि पाचवा, सहावा विक्रेता आल्याने पडणारा फरक कमी कमी होत जातो. मनोऱ्यांचा खर्च मात्र प्रत्येकाला वेगळा करावा लागतो. म्हणून 'जितक्या जास्त तितक्या बऱ्या' हेही खरे नाही.

अर्थात प्रत्यक्षातले दर या सूत्राने सांगितले असते त्यापेक्षा कितीतरी अधिक कोसळले. ग्राहक वाढले तसा प्रत्येकामागचा खर्चही उतरला, हे सूत्रात नाही. प्रीपेड कार्ड निघाले आणि ज्याला दरमहा बिल भरण्याची हमी देता येत नाही तोही ग्राहक झाला. २००९ मध्ये तर एका नव्याने उतरलेल्या कंपनीने मिनिटाचा हिशेबच मोडून सेकंदाला एक पैसा असा दर लावला आणि काही महिन्यांत बाकीच्यांनाही तेच करावे लागले.

भाव उतरला की आधी कोण येते आणि नंतर कोण? ज्याला माहितीची किंमत सर्वांत जास्त तो पहिला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचे मच्छिमार याचे उत्तम उदाहरण. तिथे ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवर तारली मासळीचा सकाळी लिलाव होतो. फोन नव्हता तेव्हा नाव ज्या किनाऱ्याला लागे तिथे जो भाव मिळेल तो घ्यावा लागे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी नोंदवले आहे की १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा इथे अकरा मच्छिमारांना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे मासळी समुद्रात फेकण्याची पाळी आली, आणि त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या किनाऱ्यांवर सत्तावीस खरेदीदार रिकाम्या हाती परतण्याच्या बेतात होते.

मोबाईलचे मनोरे या किनाऱ्यावर एकदम आले नाहीत. कोळिकोड भागात १९९७ च्या सुरुवातीला, कण्णूर भागात १९९८ च्या मध्यावर आणि कासरगोडला २००० मध्ये, असे ते टप्प्याटप्प्याने आले. त्यांचा टप्पा समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचत होता. ज्या भागात मनोरा येई त्याच भागातल्या किनाऱ्यांमधली भावांची तफावत थोड्याच दिवसांत घटे, शेजारच्या भागात मात्र ती आपला मनोरा येईपर्यंत तशीच राही. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम आखावा असा हा प्रयोग! जेन्सन यांच्या हिशेबाने मच्छिमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि रोजच्या पकडीतली ५ ते ८ टक्के मासळी जी वाया जाई ती जवळजवळ थांबली. नंतर तिथे गेलेल्या अभ्यासकांनी एक महत्त्वाची पुरवणी जोडली आहे. ज्याच्यावर दलालाचे कर्ज आहे त्याला दुसऱ्या किनाऱ्यावरचा भाव कळला तरी तिथे जाता येतेच असे नाही.

जाळ्याला जाळे जोडणे

फोनच्या धंद्यात एक अडचण साबणाच्या किंवा चहाच्या धंद्यात नसते. माझ्या साबणाचा उपयोग तुम्ही कोणता साबण वापरता यावर ठरत नाही. माझ्या फोनचा उपयोग मात्र तुमच्याकडे फोन आहे का आणि मला तो लावता येतो का यावरच ठरतो. शंभर माणसांच्या गावात नव्वद जण एका कंपनीकडे आणि दहा जण दुसरीकडे आहेत असे समजा. जाळी एकमेकांना जोडलेली नसतील तर मोठ्या कंपनीत ४००५ जोड्या एकमेकांशी बोलू शकतात आणि छोट्या कंपनीत फक्त ४५. नवा ग्राहक कुठे जाईल? दर निम्मा केला तरी छोट्या कंपनीकडे जाणार नाही. जाळी जोडली की दोघांच्याही ग्राहकांना सगळ्या ४९५० जोड्या मिळतात आणि निवड फक्त दर आणि दर्जा यांवर होते. म्हणून जुन्या कंपनीने नव्या कंपनीचे फोन आपल्या जाळ्यात स्वीकारलेच पाहिजेत असा नियम लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा पंचही लागतो. आपल्याकडे १९९७ मध्ये स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण हे काम करते.

पंच नसेल तर काय होते हे सोमालियाने दाखवले. १९९१ मध्ये तिथले केंद्र सरकार कोसळले. परवाने देणारे कोणी उरले नाही, कर घेणारेही नाही. अनेक खासगी कंपन्या निघाल्या आणि दर आफ्रिकेतल्या सर्वांत स्वस्त दरांत गणले जाऊ लागले. 'सरकार नसले की बाजार फुलतो' असे सांगणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. पण कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडलेली नव्हती. दोन कंपन्यांच्या ग्राहकांशी बोलायचे तर दोन फोन बाळगावे लागत. दूरसंचाराचा कायदा तिथे झाला तो २०१७ मध्ये.

केनियाचे उदाहरण याच्या उलट. दुसऱ्याच्या जाळ्यात फोन पोचवण्यासाठी कंपन्या एकमेकींकडून मिनिटामागे जे शुल्क घेत ते तिथल्या नियामकाने २०१० मध्ये ४.४२ शिलिंगांवरून २.२१ वर आणले. त्यापाठोपाठ कंपन्यांत दर उतरवण्याची शर्यत लागली.

शेजारचा इथिओपिया कितीतरी वर्षे दुसऱ्या टोकाला होता. तिथे ऑक्टोबर २०२२ पर्यंत एकच सरकारी कंपनी होती. तरीही २०२१ पर्यंत तिचे पाच कोटींवर ग्राहक झाले होते. मक्तेदारीत मोबाईल पसरतच नाही असे नाही. पण इथिओपियाची लोकसंख्या अकरा कोटींच्या पुढे होती आणि त्याच सुमारास केनियात सिमकार्डांची संख्या लोकसंख्येहून जास्त झालेली होती. केनियाचे दरडोई उत्पन्न इथिओपियापेक्षा जास्त आहे, तेव्हा या फरकातला काही भाग त्याचाही.

मग सरकारी मालकी वाईट आणि खासगी चांगली असा निष्कर्ष काढायचा का? चीनकडे पाहा. तिथल्या मोठ्या मोबाईल कंपन्या सरकारच्याच हाती आहेत. पण १९९४ मध्ये सरकारने जुन्या खात्याशी स्पर्धा करायला चायना युनिकॉम ही दुसरी कंपनी मुद्दाम काढली. २००१ मध्ये मोबाईल ग्राहकांच्या संख्येत चीनने अमेरिकेला मागे टाकले. उलट आपल्याकडे १९९५ ते १९९९ या काळात कंपन्या खासगी होत्या आणि मोबाईल श्रीमंतांपुरताच राहिला. मालकी कोणाची आणि स्पर्धा आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वृत्तपत्री चर्चेत ते हटकून एकात मिसळले जातात.

जिथे स्पर्धा पोचत नाही

मनोरा पुण्यात उभारा किंवा जंगलातल्या वाडीत, यंत्रसामग्रीचा खर्च सारखाच. वाडीत तर वीज आणि रस्ता नसल्याने तो वाढतोच. ग्राहक मात्र मूठभर. तिथे दोन सोडाच, एक कंपनीही आपणहून जात नाही. यासाठी एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नाचा काही हिस्सा एका सार्वत्रिक सेवा निधीत घेतला जातो आणि त्यातून दुर्गम भागातल्या मनोऱ्यांना मदत दिली जाते. आणि घरात फोन आला म्हणजे तो घरातल्या सगळ्यांच्या हाती आला असेही नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच आढळल्या.

स्पर्धा एकदा आली की कायमची राहते, असाही समज करून घेऊ नये. २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ उतरली आणि बोलणे फुकट होऊन डेटाचे भाव कोसळले. एअरसेल आणि अनिल अंबानींची रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. दहा-बारा कंपन्यांच्या जागी तीन खासगी आणि सरकारी कंपन्या उरल्या, आणि २०२४ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश ग्राहक त्यांपैकी दोघांकडेच होते. कूर्नोच्या सूत्रात 'न' पुन्हा लहान झाला होता.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आगेमागे काही दिवसांत दर वाढवले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. दर न वाढवणारी एकच कंपनी उरली होती. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत भारत संचार निगमचे ग्राहक पन्नास लाखांहून अधिक वाढले. पण निगमचे ४जी मनोरे तेव्हा सगळीकडे उभे राहिलेले नव्हते, आणि वर्ष संपायच्या आत हा ओघ आटला.